ही पंधरा दिवसांसाठी गेलीय

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०

ही आज बहिणीकडे गेली. पंधरा दिवसांसाठी. दोन मोठ्या बॅगा, विणकामाची पिशवी आणि हिवाळ्याचे झाडून सगळे कपडे. पंधरा दिवसांना एवढं सामान! पण बायकांना पॅकिंग जमत नाही, हे माझं जुनं मत आहे.

निरोप चांगला झाला. म्हणजे झालाच असता. टॅक्सी आली तेव्हा मी मीटरचं सील तपासत होतो. सील बरोबर होतं, ड्रायव्हरचा चेहरा नव्हता. तोवर ही मागच्या दाराने बसली आणि टॅक्सी गेली. हात हलवायचा राहिला. परत येईल तेव्हा हलवू.

वजनमाप खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक होतो. बाजारात मला ‘काटा’ म्हणायचे. आदराने. अशा माणसाच्या हाती पंधरा दिवस म्हणजे बरोबर तीनशे साठ तास. ते वाया घालवायचे नाहीत. हिला तीन गोष्टींचा नाद: विणकाम, ओव्हनमध्ये काहीबाही भाजणं आणि ‘चला ना हो, शहर बघून येऊ’ म्हणणं. मी आजवर तिन्हीला वेळ दिला नाही, कारण नोकरी होती. सात महिने झाले निवृत्त होऊन, या सात महिन्यांतही दिला नाही, कारण सवय नव्हती. आता एका झटक्यात तिन्ही शिकून टाकतो. ब्रेड, मफलर आणि अख्खं शहर. ही आली की दारातच सरप्राइज.

शिवाय कुत्र्याला शिस्त. कुत्रा हिचा आहे. अकरा वर्षांचा, जाडा, हृदयाची गोळी सकाळ-संध्याकाळ. ही त्याला ढब्बू म्हणते. मी काही म्हणत नाही. गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावून गेलीय. माझ्या जेवणाचा तक्ता दिसला नाही. घाईत राहिला असणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ब्रेड क्रमांक १. लोक उगाच बाऊ करतात. बेकिंग म्हणजे माप, आणि माप म्हणजे मी. मैदा पाचशे ग्रॅम, एक कण इकडेतिकडे नाही. यीस्ट उकळत्या पाण्यात घातलं, म्हणजे जंतू मरतील.

जंतू मेले. यीस्ट म्हणजेच जंतू असतात हे पाकिटावर फार बारीक अक्षरात लिहिलंय.

निष्पन्न: वजन ७१२ ग्रॅम, उंची चार सेंटिमीटर. सुरीचं टोक वाकलं. कुत्र्याने तो सोफ्याखाली नेऊन ठेवला आणि त्याच्यावर पाय ठेवून झोपला. त्याला हाड वाटलं असावं.

मैदा कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शहराचा मोठा नकाशा आणला. पेन्सिलीने चोवीस समान चौकोन पाडले. रोज दोन चौकोन. ही तीस वर्षं इथे राहतेय, पण बाजार आणि बँक सोडून तिला काही ठाऊक नाही. आल्यावर तिला मीच हाताला धरून सगळं दाखवणार.

आज चौकोन क्रमांक १. मी मुख्य रस्त्याने निघालो, कुत्रा उलटा. ओढाओढी झाली. त्याचं वजन साडेचौदा किलो, त्यात हट्ट धरलेला नाही. शेवटी त्याच्या मागे गेलो, फक्त निरीक्षणासाठी. आमच्या इमारतीमागे एक बोळ आहे. बोळाच्या शेवटी पायऱ्या, आणि खाली चक्क तळं! इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरापासून दोनशे मीटरवर तळं आहे आणि मला कुणी सांगितलं नाही.

वाटेत एका बाइंडरच्या दुकानातून एक म्हातारा बाहेर आला, कुत्र्याला बिस्किट दिलं, म्हणाला, “काय ढब्बूशेट, आज बाई कुठे?” पुढे चहावालीने त्याच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली. वाटी त्याची ठरलेली आहे. मग माझ्याकडे बघून विचारलं, “बाईंनी कुत्र्यासाठी माणूस ठेवला वाटतं?”

मी कोण ते सांगितलं नाही. सरप्राइज फुटलं असतं.

तळ्याकाठी तिसऱ्या बाकाशी कुत्रा बसला तो वीस मिनिटं उठेना. मीही बसलो. बाक एकाच बाजूला झिजलाय. दुसऱ्या बाजूचा रंग अजून नवा आहे. नगरपालिकेने रंगाच्या दर्जाकडे लक्ष द्यायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

विणकाम सुरू. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात, हिची मैत्रीण. त्यांच्याकडे सुया घेऊन गेलो. त्यांनी मला आणि सुयांना आळीपाळीने पाहिलं आणि आत घेतलं. सुलट टाका शिकलो, उलट शिकलो. अगदी सोपं आहे. मोजायचं तेवढं.

चाळीस टाके घातले होते. दहाव्या ओळीला त्रेपन्न झाले. नर्सबाईंनी विचारलं, हे वरचे तेरा कुठून आले? मी म्हटलं, वाढ आहे, घट नाही, ग्राहकाचं नुकसान नाही. त्या हसल्या नाहीत. या बाईंना विनोदाचं अंग कमी.

ब्रेड क्रमांक ३ मधोमध कच्चा. कडा जेवणात खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हिच्या बहिणीला चौथ्यांदा फोन केला. ही आंघोळीला गेली होती. सोमवारी दुपारी केला तेव्हाही आंघोळीलाच गेली होती. मंगळवारी झोपली होती, त्याआधी बाहेर गेली होती. मेहुणीने आज फार मायेने माझी चौकशी केली, जेवता ना, झोपता ना. मला ती कधी इतकं गोड बोलल्याचं आठवत नाही. वय झालं की माणूस निवळतो.

तिथे पाण्याची चंगळ दिसते.

शहर: सात चौकोन झाले. म्हणजे माझे सात. कुत्रा सहा चौकोनांत ओळखीचा निघाला. एका जुन्या वाचनालयाच्या पायरीवर त्याची बसायची जागा आहे. ग्रंथपालबाईंनी हिच्यासाठी राखून ठेवलेलं प्रवासवर्णन माझ्या हातात दिलं. एका नर्सरीच्या माळ्याने विचारलं, बाईंचं जाईचं रोप लागलं का? आमच्या घरी जाईचं रोप नाही. हिने एकदा आणलं होतं बहुतेक. त्यामुळे बाल्कनीतलं माझं बॅरोमीटर दिसत नव्हतं म्हणून हलवायला सांगितलं होतं. कुठे हलवलं ते विचारायला हवं.

ही बाजाराला जाते म्हणून तीन-तीन तास लावायची. आता कळलं. बाजार लांब नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, दर शनिवारी बोलते. आज आवाज बसलेला होता. विचारलं तर म्हणाली, “बाबा, तुम्ही आईशी बोललात का? नीट?” मी म्हटलं, परवा येतेच आहे, समोरासमोर बोलू.  मी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. दोनशे मिलिलिटरला अर्धा चमचा.

संध्याकाळी नर्सबाईंकडे मफलर घेऊन गेलो. आता एकोणसत्तर टाके आहेत. खालून निमुळता, वर रुंद, साधारण फनेलसारखा. त्यांनी विचारलं, तुमच्या बायकोने विणलेला एकही स्वेटर तुमच्या अंगावर कसा दिसला नाही कधी? मग मी गेल्या महिन्यातली गोष्ट सांगितली. हिने माझ्यासाठी राखाडी स्वेटर विणला होता. चार महिने लागले. मी घातला, आणि लगेच टेप काढून मापं घेतली. डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंच जास्त. तसं तिला सांगितलं. राग न ठेवता, निव्वळ माहिती म्हणून. तिने स्वेटर मागून घेतला, खुर्चीत बसली आणि उसवायला लागली. बाही नाही, सगळा. संध्याकाळचा चहा होईपर्यंत लोकरीचे चार गुंडे झाले होते.  टीका इतक्या मोकळेपणाने घेणारी माणसं थोडी.

नर्सबाई चहा अर्धा टाकून उठल्या. काहीतरी काम आठवलं असावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४

पंधरा दिवस काल पूर्ण झाले. बसस्टँडवर काल सकाळी आठपासून होतो. ब्रेड क्रमांक ६ (हा बराच बरा) कागदात गुंडाळून, मफलर बगलेत, कुत्रा आंघोळ घालून. मेहुणीच्या गावाहून दिवसातून चार बस येतात. चारही पाहिल्या. प्रत्येक वेळी कुत्रा दारापाशी जाऊन उतरणाऱ्यांच्या पायांचा वास घ्यायचा आणि परत येऊन बसायचा. शेवटच्या बसमधून एक बाई उतरली. पाठमोरी अगदी हिच्यासारखी होती. मी हात हलवला. मग तो केसांवरून फिरवला.

घरी येऊन विचार केला. चूक माझीच. पंधरा दिवस म्हणजे सुट्ट्या वगळून पंधरा. सरकारी हिशेब तसाच असतो. म्हणजे शुक्रवारपर्यंत काळजीचं कारण नाही.

ब्रेड कुत्र्याने आणि मी मिळून संपवला. त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्ला. उत्तेजन द्यायचा त्याचा स्वभाव आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हिचं पत्र आलं. दोन पानं. अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख. ‘परिस्थिती’ची पहिली वेलांटी चुकलीय, बाकी शुद्ध.

मजकूर थोडक्यात असा: तब्येत बरी आहे. ढब्बूला गोळी लोण्यात घालून द्यावी. तिने एक खोली घेतली आहे आणि ती सध्या परत येणार नाही. तोंडावर सांगायला हवं होतं, पण बोलायला लागली की मी वाक्य दुरुस्त करतो आणि मग तिला काय म्हणायचं होतं तेच ती विसरते, म्हणून लिहिते आहे. मी वाईट माणूस नाही. (हे तिने लिहिलंय. अधोरेखित मी केलं.) रोज कुणीतरी आपल्याला तराजूत घालतंय असं वाटत जगण्याचा तिला कंटाळा आला आहे. मी जेवणाची आबाळ करू नये.

महत्त्वाचा शब्द ‘सध्या’. सध्या म्हणजे थोडे दिवस. कायमचं असतं तर तिने ‘कायमचं’ लिहिलं असतं. शब्दांच्या बाबतीत ती काटेकोर आहे, माझ्या सहवासाने.

एक गोष्ट मात्र खटकली. पाकिटावरचा शिक्का. छत्तीस वर्षं शिक्के तपासलेत मी. हा मेहुणीच्या गावाचा नाही. आपल्याच शहराचा आहे, उत्तरेच्या पोस्टाचा. पोस्टाचा गलथानपणा, दुसरं काय.

उत्तरेचं पोस्ट चौकोन क्रमांक १९ मध्ये येतं. क्रमाने जायचं तर आधी चौकोन १८ घ्यायला हवा. पण एकाच क्रमाला चिकटून राहणं हा हटवादीपणा झाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चौकोन १९. बसने चाळीस मिनिटं, मग पायी. पोस्टाच्या आसपासचे रस्ते एकेक करून घेतले. पाचव्या रस्त्यावर कुत्रा थांबला, नाक वर केलं आणि रडल्यासारखा आवाज काढला.

रस्त्यापलीकडे लोकरीचं दुकान. त्याला लागून एक मोठी काचेची खिडकी, आत लांब टेबल. टेबलाभोवती आठ बायका, सगळ्यांच्या हातात सुया. आणि टेबलाच्या टोकाला उभी राहून एकीचा हात धरून टाका दाखवणारी ही.

मी अलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या छपराखाली उभा राहिलो. कुत्र्याचं तोंड हाताने धरून ठेवलं. चष्म्याची फ्रेम नवीन आहे, लाल. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ही हसली. मान मागे टाकून, तोंडावर हात न ठेवता. चाळीस वर्षांत तिचा डावीकडचा वाकडा दात मला माहीतच नव्हता.

औषधवाला बाहेर येऊन म्हणाला, काही हवंय का? मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

घरी येताना विचार केला. बहिणीने तिला काही कामासाठी दोन दिवस इकडे पाठवलं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

बहिणीने पाठवलेलं नाही. मला माहीत आहे.

म्हणजे तसा अंदाज आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

या आठवड्यात तीनदा गेलो. शहर पाहायचं तर एखादा भाग सखोल पाहिला पाहिजे. खोकल्याच्या गोळ्यांची चार पाकिटं जमली. खोकला नाही.

मंगळवारी आत जायचंच ठरवून गेलो होतो. वाक्यही पाठ केलं होतं: “अगं, इकडून चाललो होतो.” रस्ता ओलांडला. दारापर्यंत गेलो. आत ती एका मुलीला सांगत होती, “राहू दे गं तो टाका. एखादा सैल टाका असला तर बिघडत नाही, हाताने विणलंय ते कळतं.” मी परत फिरलो.

आज ब्रेड क्रमांक ९ नेला. हा फुगला होता. खरोखर फुगला. वर सोनेरी, टकटक केलं तर पोकळ आवाज. त्यांच्या पायरीवर ठेवला, चिठ्ठी नाही, आणि पलीकडे येऊन उभा राहिलो. एका बाईने उचलून आत नेला. हिने हातात घेतला, उलटा केला, खालून बोटाने वाजवून कान लावला. मग सुरी घेतली. पहिला तुकडा तोंडाजवळ नेला आणि मध्ये ट्रक येऊन उभा राहिला. सामान उतरवायला त्याने अकरा मिनिटं घेतली.

त्या रस्त्यावर पार्किंगला बंदी आहे. बोर्ड स्पष्ट आहे.

येताना कुत्रा बसस्टॉपवर आडवा झाला. उचलून बसमध्ये चढवला. लाड झालेत त्याचे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ढब्बू सकाळी उठला नाही. डोळे उघडे, शेपटी हलते, पण पाय उचलत नाहीत. श्वास घेताना पोट भात्यासारखं चालतंय. लोण्यात गोळी दिली, लोणी चाटलं, गोळी ठेवली.

प्राण्यांच्या डॉक्टर तरुण आहेत. नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. विचारलं, रोज किती चालवता याला? मी खिशातून नकाशा काढला. बावीस दिवस, अठरा चौकोन, रोजचं सरासरी अंतर समासात लिहिलेलं, साडेसहा किलोमीटर. कुणीतरी एकदा विचारावं म्हणूनच लिहीत होतो.

त्यांनी नकाशा पाहिला. घडी घालून माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, “काका, याचं हृदय मोठं झालंय. याला आता घराभोवती एक फेरीसुद्धा खूप होती. तक्त्यात लिहिलं नव्हतं का?”

घरी येऊन तक्ता पाहिला. गोळ्यांच्या खाली, लाल शाईत: ‘जास्त चालवू नये.’ मी फक्त आकडे वाचले होते.

संध्याकाळी मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आईला सांगा. मी म्हटलं, आईला कसं सांगणार, ती तर... आणि थांबलो. मग विचारलं, तुला केव्हापासून माहीत आहे?

“सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे, बाबा.” ती म्हणाली, “मावशीला तर रोज नवं कारण शोधावं लागायचं.”

३० नोव्हेंबर, रविवार

टॅक्सीने गेलो. ढब्बू मांडीवर, मफलरमध्ये गुंडाळलेला. रुंद टोक पाठीवर पुरलं. मीटर पाहिलं नाही.

रविवारी वर्ग नसतो. ती एकटीच होती, लोकरीच्या लड्या रंगांप्रमाणे लावत होती. मी दारात. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. म्हटलं, “मी चालवला त्याला. खूप चालवला.”

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडायला हवं होतं. ती जमिनीवर बसली आणि हात पुढे केले. ढब्बूने तिला पाहून जो आवाज काढला तो लिहिता येत नाही. तिच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर त्याचा श्वास जरा हळू झाला.

मग तिचं लक्ष मफलरकडे गेलं. सुटलेल्या टाक्यांची दोन मोठी भोकं आहेत, तिथे तिने बोट घातलं. मी सांगायला लागलो की चाळिसाने सुरुवात केली होती, पुढे वाढत गेले, कारण कळलं नाही. ती म्हणाली, “ऊब आहे याला.” एवढंच.

खोली लहान आहे. वर्गामागे एक पलंग, एक शेगडी, खिडकीत जाईचं रोप. चहा दिला. कप एकच होता, तिने वाटीतून घेतला. विचारलं, जेवता ना? मी म्हटलं, ब्रेड करतो. ती म्हणाली, “माहीत आहे. मीठ कमी होतं.” मग पटकन, “चांगला होता, अहो. खूप चांगला झाला होता.”

मी खूश झालो. नंतर बसमध्ये लक्षात आलं की चूक काढल्यावर तिने घाईघाईने माझी समजूत काढली. मी कधी काढली होती का, ते आठवत आलो. घरापर्यंत आठवत होतो.

ढब्बू तिच्याकडे ठेवला. मी रोज येतो म्हटलं. ती म्हणाली, ढब्बूसाठी या.

४ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस गेलो. चारही दिवस ती शिकवत होती आणि मी मागच्या खोलीत ढब्बूजवळ बसून होतो. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. इतका वेळ तिचं बोलणं मध्ये न तोडता मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ती चांगलं शिकवते. गोष्टी सांगते. तळ्याच्या, वाचनालयाच्या, कुठल्या कुठल्या गल्ल्यांच्या. मला ओळखता आल्या. त्यातल्या एकाही गोष्टीत मी नाही.

आज दुपारी पावणेतीनला ढब्बू गेला. माझा हात त्याच्या पोटावर होता. भाता एकदा वर आला आणि खाली गेला तो परत आला नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग हाक मारली, “ढब्बू.” मग तिला हाक मारली.

लोकरीच्या दुकानाच्या मागे मोकळी जागा आहे. दुकानदाराने कुदळ दिली. थोडं मी खणलं, थोडं तिने. मला दम लागला की तिने हातातून कुदळ घ्यायची. खड्डा एका बाजूला उथळ होता. ते मी माझ्यापाशीच ठेवलं. मफलरसकट त्याला आत ठेवलं.

हात धुताना मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं, “घरी येतेस?” आणि एकदम सगळं सांगायला लागलो, बॅरोमीटर काढून टाकीन, रोपं लावू, वर्ग घरीच घे, बैठकीची खोली मोठी आहे, मी बोलणार नाही, मी खरंच बोलणार नाही.

तिने नळ बंद केला. माझे हात तिच्या टॉवेलने पुसले, एकेक बोट. म्हणाली, “अहो, मी रागावून गेले नाही. राग असता तर केव्हाच परत आले असते.”

मी म्हटलं, मग काय आहे?

ती म्हणाली, “इथे सकाळी उठते तेव्हा छातीत धडधडत नाही.”

 ती बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. बस सुटली तेव्हा तिने हात हलवला. मी पिशवी आणि दांडा दोन्ही धरले होते. मान हलवली. तिला दिसली की नाही माहीत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

मुलीचा फोन. इकडे येऊन रहा बाबा, म्हणाली. मी म्हटलं बघू. एरवी मी कारणं सांगितली असती. आज होती नव्हती तेवढी संपली होती. ती रडली. मी गुळण्या सांगितल्या नाहीत. ऐकत बसलो.

नकाशावर सहा चौकोन राहिलेत. राहू देत.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.१५

दूधवाल्याने बेल वाजवली. एरवी पिशवी दाराशी ठेवून जातो. त्याला पुढच्या महिन्याचं विचारायचं होतं: एक लिटरच चालू ठेवू ना, साहेब? महिनाभर एक लिटर घेतोय. रोज अर्ध्याहून जास्त नासतं. ओतून देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतो.

म्हटलं, पाव लिटर.

तो म्हणाला, “बाई अजून गावालाच का?”

म्हटलं, “गावाला नाहीत. त्या वेगळ्या राहतात आता.”

मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. जिन्यात जरा घुमलं. तो ‘बरं’ म्हणाला, पाव लिटरची पिशवी दिली आणि वरच्या मजल्यावर गेला. तिथेही त्याने बेल वाजवली. कुणीतरी दार उघडलं, आत रेडिओ चालू होता.

दूध तापत ठेवलं आणि हे लिहायला बसलो. लहान पातेलं सापडलं नाही, ही कुठे ठेवायची माहीत नाही, म्हणून मोठ्यातच ठेवलं. मोठ्या पातेल्यात एवढंसं दूध अगदी तळाला दिसत होतं. वाटलं, हे काय उतू जाणार.

करपल्याचा वास येतोय. उतू गेलं नाही, आटून तळाला लागलं. उठतो.